टिक् वाजले म्हणजे झाले काय?

गेल्या पावसाळ्यात गोव्याहून परतताना चोर्ला घाटात आमच्या जुन्या मोटारीचे दिवे मंदावले. विझले नाहीत, मंदावले. धुके इतके दाट की वरचा झोत लावावा तर तो धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येई, आणि डिपरवर यावे तर समोर नुसता पिवळट काजवा. वडील गाडी चालवीत होते आणि मी खिडकीतून डोके बाहेर काढून रस्त्याची कड सांगत होतो. बेळगाव येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही.

गंमत अशी की हे दिवे आम्ही महिन्यापूर्वीच 'सुधारून' घेतले होते. पूर्वी दिव्यांचा सारा प्रवाह डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि जुन्या बारीक तारांतून फिरून येई. निम्मा जोर वाटेतच संपे. दाब दहा टक्के घटला तर बल्बचा प्रकाश सुमारे तीस टक्के घटतो. म्हणून दोन रिले बसवले, एक डिपरला, एक वरच्या झोताला. स्विचने रिलेच्या वेटोळ्याला, म्हणजे ८५ आणि ८६ या टोकांना, थोडासा प्रवाह द्यायचा. वेटोळ्याचे लोहचुंबक होऊन आतली पट्टी ओढली जाते आणि बॅटरीचा मोठा प्रवाह ३० वरून ८७ वर येऊन जाड तारेने थेट दिव्याकडे जातो. (शंभर वॅटचे बल्ब घालून समोरच्याचे डोळे दिपवण्याचा उद्योग मला मान्य नाही. आमचे बल्ब ६०/५५ वॅटचेच राहिले.)

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये बल्ब बदलले, फ्यूज बदलला, अर्थची तार घासून पुन्हा कसली. मी भीत भीत रिलेचे नाव काढले. मिस्त्रीकाका हसले. "अरे तम्मा, टिक् टिक् वाजतोय की! वाजतोय म्हणजे चांगला हाय." बल्ब काढलेलेच होते, त्यांनी मीटर लावून ८७ वर चक्क बारा व्होल्ट दाखवले. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात असलेला मी त्यावर गप्प बसलो!

घरी आल्यावर सुचले ते इतके सोपे होते की सांगायला लाज वाटते. दोन्ही रिले एकसारखे. त्यांची अदलाबदल केली. डिपर लख्ख झाला आणि वरचा झोत मंद. चोर सापडला. मग तो पुन्हा डिपरच्या जागी बसवून, दिवे लावलेले ठेवून मोजले: ३० वर १२.२ व्होल्ट, ८७ वर ९.१. तीन व्होल्ट रिलेच्या पोटातच गडप! प्रवाह सुमारे आठ अँपियर, म्हणजे पंचवीस वॅट उष्णता त्या काड्यापेटीएवढ्या डबीत. लहान सोल्डरिंग आयर्न तेवढ्यावरच चालते. झाकण काढले तर पट्टीची टोके काळी पडून खड्डे पडलेले. टिक् वाजत होते ते वेटोळ्याचे काम. टोके एकमेकांना नीट भिडतात की नाही हे त्या आवाजाला कुठून कळणार? आणि मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, म्हणून बल्ब काढून मोजले तेव्हा जळक्या टोकांतूनही पुरे बारा व्होल्ट दिसले.

मिस्त्रीकाकांना मी दोष देत नाही. ते ओहमचा नियम शिकलेले नाहीत. मी शिकलो आहे, आणि त्यात पूर्ण गुणही मिळवले आहेत. पण कसे? चांगली बॅटरी, चांगला रोध, आणि आलेख सरळ रेषेत यायलाच हवा म्हणून रेषेबाहेर गेलेला बिंदू रबराने पुसून. एखादे टोक सैल असल्याचे तोच बिंदू सांगत असेल, हे मनातही येत नाही. आमच्या प्रयोगशाळेत बिघडलेली वस्तू कपाटात जाते आणि धडकी वस्तू टेबलावर येते. माझे म्हणणे उलट आहे. वर्षातले निदान दोन प्रयोग बिघडलेल्या वस्तूंवर द्यावेत, आणि गुण उत्तराला न देता शोधाला द्यावेत. अभ्यासक्रम पुरा होत नाही, परीक्षक बाहेरचे असतात, हे प्राध्यापक सांगतील. ते खरेही आहे. पण सरळ रेषा काढण्यात जे तास जातात त्यांतलेच दोन मी मागतो आहे.

तो जळका रिले मी टाकलेला नाही. विभागाला हवा असल्यास आणून देईन. अट एकच, त्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लावू नये.