शिट्टी त्यांच्या गळ्यात अडकवा

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी हरिहर किल्ल्यावर जा. कातळात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्यांवर वर जाणाऱ्यांची रांग हलत नाही आणि उतरणाऱ्यांना वाट मिळत नाही. कळसूबाईच्या शिड्यांवरही तीच गत. या गर्दीतले बहुतेक जण पंचविशीच्या आतबाहेरचे असतात. त्याच आठवड्यात एखाद्या जुन्या गिर्यारोहण संस्थेच्या बैठकीला जाऊन बसा. पन्नाशी ओलांडलेली पाच-सात मंडळी, भिंतीवर हिमालयातल्या मोहिमांचे फोटो आणि विषय नेहमीचाच: ‘हल्लीची मुलं येत नाहीत हो.’

मला हे पटत नाही. मुलं डोंगरावर येतात, आपल्याकडे येत नाहीत. तेव्हा कारण आपल्याकडेच शोधायला हवं.

मोबाइलवर पैसे भरले, शनिवारी रात्री बस पकडली, रविवारी संध्याकाळी घरी. चहा-नाश्ता, जेवण, फोटो सगळं त्या पैशांत. या व्यावसायिक ट्रेकमध्ये वाईट काही नाही. अनेकांना सह्याद्री पहिल्यांदा असाच भेटतो. पण तिथे आलेला मुलगा ग्राहक असतो. वाट शोधणं, दुसऱ्याची सॅक उचलणं, मागे पडलेल्यासाठी थांबणं हे त्याचं काम नसतं. संस्थेत हे सगळं प्रत्येकाचं काम असतं आणि तरुण माणसाला बांधून ठेवणारी गोष्ट तीच आहे. विशीतल्या मुलाला कुणीतरी आपल्यावर भरवसा टाकावा असं फार वाटत असतं. आपण मात्र त्याला पातेली घासायला लावतो, सामान वाहायला लावतो आणि लीडरची शिट्टी वर्षानुवर्षं त्याच दोन-तीन गळ्यांत ठेवतो.

आमच्या संस्थेत आम्ही हे बदललं. ज्याने दोन मोसम नियमित भटकंती केली आहे, त्याच्याकडे एक सोपा ट्रेक पूर्ण सोपवायचा. रेकी त्याने करायची. पायथ्याच्या गावात फोन करून टाक्यात पाणी आहे का, ओढा उतरण्याजोगा आहे का हे त्याने विचारायचं. परतीची शेवटची एसटी किती वाजता, धुकं उतरलं तर कुठून माघारी फिरायचं, कुणाला दमा आहे, कुणाचा गुडघा दुखतो, हे सगळं त्याच्या वहीत. ज्येष्ठ सदस्याने पिछाडीला चालायचं आणि जिवाला धोका नसेल तर तोंड उघडायचं नाही. हे शेवटचं आमच्या ज्येष्ठांना सर्वांत जड गेलं! पण चुकलेल्या फाट्यावर अर्धा तास हिंडून, स्वतः खूण ओळखून, सगळ्यांना पुन्हा वाटेला लावणारी मुलगी पुढच्या रविवारी आपल्या तीन मैत्रिणींना घेऊन येते. जाहिरातीला एवढं बळ नाही.

संस्था म्हणजे काय, हे ‘गिरिप्रेमी’कडे पाहिलं की कळतं. 1982 साली पुण्यात सुरू झालेल्या या संस्थेचे आठ गिर्यारोहक 2012 मध्ये एकाच मोहिमेत एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले आणि 2019 मध्ये दहा जण कांचनजुंगावर. अशी माणसं सह्याद्रीतल्या कातळावर, पुन्हा पुन्हा त्याच गाठी मारत, एकमेकांच्या दोरावर विसंबत घडतात. त्याला वर्षं लागतात आणि ती वर्षं सोबत काढायला माणसं लागतात.

तरुणांनी संस्थांत यायला हवं, याला याहून निकडीचं आणखी एक कारण आहे. 28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस शेकडो फूट खोल दरीत कोसळली. भर पावसात दोर लावून खाली उतरणाऱ्यांत महाबळेश्वर ट्रेकर्ससारख्या संस्थांची माणसं होती. लोणावळ्याच्या परिसरात कुणी दरीत अडकलं की शिवदुर्ग मित्रची मुलं धावतात. रात्री-अपरात्री, कसलाही मोबदला न घेता. हे कसब रविवारच्या सरावातूनच येतं. संस्थांत नवी माणसं आली नाहीत तर दहा वर्षांनी त्या दरीत कोण उतरणार, या विचाराने मला खरोखर भीती वाटते. किल्ल्यांवरची गर्दी तर वाढतच जाणार. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले आहेत.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं. मुक्कामाच्या ट्रेकला घरून परवानगी मिळत नाही, हे अजूनही खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे आई-वडिलांना एकदा संस्थेत बोलवायचं, लीडर म्हणून जाणारी बाई त्यांना भेटवायची आणि झोपायची, शौचाला जायची सोय काय असेल ते न लाजता सांगायचं. तो अर्धा तास दिला की बरेच पालक तयार होतात. पैशाचंही तसंच. चांगले बूट आणि सॅक यांचा खर्च कॉलेजातल्या मुलाला झेपत नाही. संस्थेच्या कपाटात वापरात नसलेल्या सॅक आणि कॅरीमॅट पडून असतात, त्या ग्रंथालयासारख्या नावावर घालून द्याव्यात.

आणि तरुण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फक्त शहरातला कॉलेजकुमार का येतो? हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईत, अलंगच्या पायथ्याच्या आंबेवाडीत, कळसूबाईच्या बारी गावात अशी मुलं आहेत की जी चपलांवर आपल्या दुप्पट वेगाने कडा चढतात. आपण त्यांना वाटाड्या म्हणून बोलावतो, दिवसाचे पैसे हातावर ठेवतो आणि निघून येतो. त्यांना सदस्य करून घ्यावं असं किती संस्थांना सुचलं? त्यांना दोराचं तंत्र, प्रथमोपचार शिकवावेत, आपल्या कार्यकारिणीत बसवावं. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत 28 दिवसांचा बेसिक कोर्स असतो. प्रत्येक संस्थेने वर्षाकाठी पायथ्याच्या गावातल्या निदान एका मुलाची किंवा मुलीची फी आणि गाडीभाडं उचलावं. वर्धापनदिनाचा हॉल, हारतुरे आणि स्मरणिका यांवरचा खर्च आवरला तर त्यातला बराच पैसा तिथेच निघेल. आमच्या पुढच्या वार्षिक सभेत हा ठराव मी मांडणार आहे.