लोखंड जाते, नाव मात्र राहते

सिडकोतील आमच्या घरासमोर कडुनिंबाच्या झाडाखाली एक पांढरी मारुती व्हॅन उभी आहे. १९९८ साली वडिलांनी ती नवी घेतली. २०२०च्या टाळेबंदीत ती प्रथमच महिनोन्‌महिने जागेवरून हलली नाही, आणि नंतर सुरू करावी म्हटले तर झालीच नाही. वडील २०२१मध्ये गेले. २०२३मध्ये गाडीच्या नोंदणीची मुदतही संपली. टायर बसले, पत्र्याला खालून गंज धरला, सरकता दरवाजा रुळावरच अडकून पडला. विकून टाकावी, असे घरात सगळ्यांचेच मत आहे. आई त्यावर काही बोलत नाही, एवढेच.

या व्हॅनला गिऱ्हाईक नाही असे मात्र नव्हे. महिन्या-दोन महिन्यांनी कोणी तरी बेल वाजवून विचारतोच. त्यांतील एकाने अलीकडे गाडीकडे धड पाहिलेसुद्धा नाही. ‘‘साहेब, गाडीचं सोडा, कागद आहेत का?’’ एवढाच त्याचा प्रश्न होता. आरसी बुक असेल तर एक भाव, नसेल तर त्याच्या निम्मा. मालक हयात नाहीत असे सांगितल्यावरही तो बधला नाही. ‘‘जुनी सही केलेले कोरे फॉर्म घरात असतीलच की,’’ असे तो सहजपणे म्हणाला. असे फॉर्म वडिलांच्या कपाटात खरोखरच निघाले. कधी काळी गाडी विकण्याचा विचार झाला असेल, तेव्हा मालकी हस्तांतरणाच्या फॉर्मवर त्यांनी सह्या करून ठेवल्या होत्या. खाली तारीख नव्हती.

चालत नसलेल्या गाडीच्या कागदाला लोखंडापेक्षा अधिक किंमत का यावी, हा प्रश्न एका घरापुरता नाही. भंगारात गेलेल्या गाडीचा चेसिस क्रमांक आणि नोंदणी पुस्तक चोरीच्या गाडीला चिकटविण्याचा धंदा देशात जुना आहे. पत्रा भट्टीत जातो, पण कागदावरची गाडी रस्त्यावर फिरत राहते, आणि तिचा मालक म्हणून सरकारदरबारी नाव राहते ते ज्याने ती विकली त्याचे.

मोटार वाहन कायदा, १९८८ या बाबतीत संदिग्ध नाही. कलम ५० नुसार गाडी त्याच राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. गाडी कायमची निकामी झाली असेल तर कलम ५५ नुसार तेही १४ दिवसांतच कळवायचे. प्रत्यक्षात किती जण कळवितात? व्यवहार रोखीत होतो, नमुना २९ आणि ३० वर सह्या होतात आणि पुढचे सगळे घेणाऱ्याच्या भल्या बुद्धीवर सोडून दिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार’ या खटल्यात दिलेला निकाल म्हणूनच प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने लक्षात ठेवावा असा आहे. त्या प्रकरणातील मोटार एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, परंतु नोंदणीत पहिल्याच मालकाचे नाव राहिले. २००९मध्ये अपघात झाला, त्यात एक मूल दगावले. गाडी कोणाच्या ताब्यात होती याला महत्त्व न देता, नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे न्यायालयाने ठरविले आणि भरपाईचा भार त्याच्यावर टाकला. त्याने गाडी खरोखर विकली होती, पैसेही घेतले होते. तरीही तो सुटला नाही.

१० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ मोटारीत स्फोट झाला, तेव्हा हीच बाब फार भयंकर रूपात समोर आली. ती गाडी अनेक हातांतून गेलेली होती, आणि तपासाचा माग आधीच्या मालकांच्या दारातून पुढे सरकला. ज्यांनी आपली जुनी गाडी विकून हात झटकले होते, त्यांना पोलिसांपुढे बसून तिचा पुढचा प्रवास सांगावा लागला.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी २२ डिसेंबर २०२२ रोजी नियमांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३पासून ती लागू झाली. गाडी अधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात गेल्याची सूचना दिली, की तोच तिचा मानीव मालक ठरतो. ही तरतूद चांगली आहे. अडचण एवढीच, की अधिकृत व्यापारी चालती गाडी घेतो. झाडाखाली पाच वर्षे उभ्या असलेल्या व्हॅनला तो हात लावीत नाही. तिथे येतो तो भंगारवाला, आणि त्याच्यासाठी मानीव मालकीचा नियम नाही.

येथे एका गैरसमजाविषयीही बोलायला हवे. गाडीला १५ वर्षे झाली की ती भंगारातच काढावी लागते, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. भावात घासाघीस करताना घेणारे या समजाचा पुरेपूर उपयोग करून घेतात. वस्तुस्थिती तशी नाही. वयावरून गाडी रस्त्याबाहेर काढण्याचे आदेश दिल्ली आणि राजधानी परिसरापुरते आहेत, आणि त्यांची अंमलबजावणीही २०२५मध्ये वादात सापडून पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली. १ एप्रिल २०२३पासून नोंदणी रद्द झाली ती १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. आमच्या व्हॅनची २०१३ आणि २०१८ अशी दोनदा वाढविली होती.

या शहराला तर या मुदतीची आठवण चांगलीच असायला हवी. ऑक्टोबर २०१०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत १५० जणांनी एकगठ्ठा मर्सिडीज मोटारी घेतल्या. ६५ कोटींच्या आसपासचा तो व्यवहार देशभर गाजला आणि मराठवाड्याविषयी बाहेरच्यांच्या कल्पनांना चांगलाच धक्का बसला. त्या खरेदीलाही २०२५मध्ये १५ वर्षे झाली. म्हणजे त्या मोटारींनाही आता पुनर्नोंदणीच्या रांगेत उभे राहणे आले. अर्थात त्या रांगेतील सगळ्यांचा खिसा सारखा नसतो.

कारण वाट खुली असली तरी तिच्यावरचा नाका महाग झाला आहे. मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून थेट ५,००० रुपये झाले. मुदत टळली तर खासगी मोटारीला दरमहा ५०० रुपये वेगळे. ऑगस्ट २०२५मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी हे शुल्क १०,००० रुपये करण्यात आले. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. एप्रिल २०१९पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी बसवून घ्यायची, तिचे मोटारीसाठी ७४५ रुपये आणि वर जीएसटी. रक्कम मोठी नाही. परंतु पाटी बसवायला गाडी केंद्रावर न्यावी लागते आणि तपासणीला परिवहन कार्यालयात. न चालणारी व्हॅन न्यायची म्हणजे आधी टोइंगची गाडी बोलवा. जुनी वाहने कमी व्हावीत यासाठी ही शुल्कवाढ आहे, हे समजते, आणि हेतूशी वाद नाही. परंतु वाढलेले शुल्क माणसाला कोणत्या दारी ढकलते, याचा विचार त्यात दिसत नाही. अधिकृत केंद्राकडे, की बेल वाजविणाऱ्याकडे?

वाहन मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण पंतप्रधानांनी १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केले आणि त्यामागोमाग सप्टेंबरमध्ये नोंदणीकृत मोडणी केंद्रांचे नियम आले. केंद्रात गाडी जमा केली की ठेव प्रमाणपत्र मिळते. ते दाखविल्यास नव्या खासगी वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते, नोंदणी शुल्क माफ होते, आणि उत्पादकांनीही किमतीत पाच टक्के सवलत द्यावी अशी अपेक्षा धोरणात होती. जुन्या गाडीचे मोल नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के येईल, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. ओम्नीचे उत्पादन २०१९मध्ये थांबले तेव्हा तिची किंमत तीन लाखांच्या आत होती. तीन लाख धरले तरी हिशेब १२ ते १८ हजारांच्या पलीकडे जात नाही. कागदासह गाडी मागणारा भंगारवाला याच्या जवळपास पोहोचतो, रोख देतो, दाराशी येतो आणि उरलेल्या दंडाच्या पावत्या विचारीत नाही.

या धोरणाचा सारा तोल नवी गाडी घेणाऱ्याच्या बाजूला झुकलेला आहे, हे आपण पुरेसे बोलत नाही. सूट करात, सूट किमतीत. २२ सप्टेंबर २०२५पासून लहान मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तोही नव्याच गाडीला. पण ज्या घरात गाडी चालविणारा राहिला नाही, मुले पुण्या-बंगळुरूला गेली, मागे एकटी आई उरली, त्या घराला नवी गाडी घ्यायचीच नाही. ठेव प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येते, हे खरे. सत्तरीच्या बाईने संकेतस्थळावर जाऊन ते विकावे, ही अपेक्षा मात्र कागदावर बरी दिसते. आम्ही एका मोटारविक्रेत्याकडे चौकशी केली, तेव्हा समोरच्या तरुणाने पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘काकू, नवीन कोणती बघताय?’’ कोणतीच नाही म्हटल्यावर बोलणे संपले.

वास्तविक त्याला असे संपविता येऊ नये, अशी तरतूद आता झाली आहे. आयुर्मान संपलेल्या वाहनांविषयीचे पर्यावरण संरक्षण नियम १ एप्रिल २०२५पासून लागू झाले. नोंदणी वैध नसलेली गाडी त्यांच्या व्याख्येत आयुर्मान संपलेली ठरते, आणि ती १८० दिवसांत जमा करणे ही नोंदणीकृत मालकाची जबाबदारी आहे. जमा कुठे करायची? मोडणी केंद्रात, संकलन केंद्रात, किंवा उत्पादकाने त्यासाठी नेमलेल्या विक्री केंद्रात. म्हणजे ज्याने गाडी बनविली त्याने तिच्या शेवटाचीही सोय करायची, हे तत्त्व आपण स्वीकारले आहे. आता ही विक्री केंद्रे कोणती, हे प्रत्येक शहरात ठळकपणे जाहीर झाले पाहिजे आणि न चालणारी गाडी घरून उचलून नेण्याचा खर्च उत्पादकांच्या याच जबाबदारीत धरला पाहिजे. गाडी उचलली त्याच दिवशी मालकाच्या हाती पावती आणि नोंदणीतून त्याचे नाव कमी, एवढे झाले तर कोऱ्या फॉर्मचा बाजार बराच मंदावेल.

वाळूजला १९८५पासून बजाजच्या गाड्या बनतात, शेंद्र्याला २००१पासून स्कोडाच्या. बिडकीनमध्ये नव्या वाहन प्रकल्पांच्या घोषणा झाल्या आहेत. पलीकडे तासाभरावर जालना, जिथल्या भट्ट्या भंगार वितळवूनच सळ्या काढतात. गाडीचा जन्म आणि अंत दोन्ही आमच्याच पंचक्रोशीत होऊ शकतात, असा हा टापू आहे. मधला रस्ता तेवढा अंधारात आहे.

व्हॅनविषयी थोडे सांगायला हवे, कारण नुसत्या ७८५ किलो पत्र्यासाठी कोणी एवढा विचार करीत नाही. १९८४मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेली आणि पुढे ‘ओम्नी’ झालेली ही गाडी मराठवाड्यातल्या मध्यमवर्गाने मोटार म्हणून नव्हे, चाकांवरची खोली म्हणून वापरली. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे उन्हाळ्यात पैठणला पोचेपर्यंत चालकाची मांडी भाजायची. खुलताबादचा घाट चढताना मागच्या चौघांनी श्वास रोखून धरायचा, आणि हनुमान जयंतीला भद्रा मारुतीला जाताना ‘मारुतीतून मारुतीला’ हा विनोद दर वर्षी नव्याने करायचा. पाचांच्या गाडीत नऊ जण बसत. लग्नाची भांडी, गव्हाची पोती, बाळंतीण, आणि एकदा शेजारचे आजोबा रात्री दोनला घाटी रुग्णालयात, अशी तिची वाहतूक होती. सुरक्षेच्या आजच्या निकषांवर ती उतरली नसती, म्हणूनच तिचे उत्पादन थांबले. तेही योग्यच झाले. आमच्या काळजीपेक्षा आमचे नशीब चांगले होते.

एजंट म्हणतो, आधी आईचे नाव लावा. मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ भरायचा असतो. आम्हाला पाच वर्षे लागली. २०२१पासून नोंदणी पुस्तकात वारस नेमण्याची सोय आली आहे, ती वडिलांच्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची संमतिपत्रे, थकलेल्या दोन दंडांच्या पावत्या अशी फाइल तयार झाली आहे. जिथे गाडी जमा करायची ते केंद्र शहरापासून दूर आहे आणि टोइंगवाल्याने सांगितलेला भाव गाडीच्या मोलाच्या निम्म्याला भिडतो.

कोरे फॉर्म आईने फाडून टाकले. सही असलेला भाग तेवढा तिने कापून ठेवला आहे.