मदरबोर्ड गेला की ड्रायव्हर बिघडला?

पावसाळ्यात महाड-पोलादपूर भागात लॅपटॉप बंद पडायला लागला की निदान आधीच ठरलेलं असतं: “पाणी लागलंय, मदरबोर्ड गेला.” हा संशय उगाच आलेला नाही. जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. त्यात इथली दमट हवा आणि विजेचा लपंडाव. पण लॅपटॉप नीट चालू होतो, विंडोज येते, आणि व्हिडिओ लावला किंवा झूमवर गेलं की स्क्रीन लुकलुकते, काळी पडते, मशीन रिस्टार्ट होतं, असं असेल तर आधी ग्राफिक्स ड्रायव्हर तपासा. बोर्डाचा नंबर नंतर.

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि हार्डवेअर यांच्यातला दुभाषा. या दुभाष्याचा एक भाग थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात बसून काम करतो. साधं ॲप चुकलं तर फक्त ते ॲप बंद होतं. कर्नलमधला कोड चुकला तर अख्खं मशीन झोपतं.

याचा सगळ्यात मोठा धडा १९ जुलै २०२४ ला मिळाला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने सकाळी ९:३९ च्या सुमारास (आपल्या वेळेनुसार) एक सदोष अपडेट सोडलं. कंपनीचा कर्नलमधला ड्रायव्हर ती फाइल वाचताना कोसळला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरात ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. मुंबईसह देशातल्या विमानतळांवर रांगा लागल्या, काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीने ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतलं. तरी पडलेल्या मशीनपैकी बहुतेकांपाशी कुणीतरी जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून, ती फाइल हाताने काढावी लागली. एकाही मशीनचं हार्डवेअर खराब झालं नव्हतं.

तो सुरक्षेचा ड्रायव्हर होता, पण ग्राफिक्सचा ड्रायव्हरही त्याच जागी बसतो आणि त्याचा इतिहास जुना आहे. २००७ मध्ये विंडोज विस्टाच्या नोंदवलेल्या क्रॅशपैकी जवळपास २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे होते. हा आकडा मायक्रोसॉफ्टच्याच अंतर्गत ईमेलमधला, अमेरिकेतल्या एका खटल्यात बाहेर आलेला. तेव्हापासून विंडोजमध्ये एक पहारेकरी आहे: ग्राफिक्स चिपने साधारण २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर रिसेट करते. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते ती यामुळे. रिसेटही फसला तर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असा कोड दाखवून मशीन थांबतं. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत ही निळी स्क्रीन आता काळी झाली आहे, त्यामुळे कोड नीट वाचा, शक्य असेल तर मोबाईलने फोटो काढा.

घरी काय तपासायचं?

पोलादपूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या एका मामेबहिणीचा लॅपटॉप ॲडमिशनच्या ऐन धावपळीत असाच वागायला लागला. दुकानातून बोर्डाचा खर्च साडेनऊ हजार सांगितला गेला. आम्ही फोनवर पुढच्या पायऱ्या केल्या आणि जुना ड्रायव्हर परत आणल्यावर मशीन सुरळीत चाललं.

पहिली पायरी सेफ मोड. लॉगिनच्या स्क्रीनवर शिफ्ट दाबून रिस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट आणि शेवटी ४. बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की विचारली जाईल; ती आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून लिहून घ्या. सेफ मोडमध्ये विंडोज तुमचा ग्राफिक्स ड्रायव्हर वापरत नाही. तिथे मशीन तासभर शांत चाललं तर ड्रायव्हरवरचा संशय पक्का होतो. तिथेही, किंवा अगदी बायोसच्या स्क्रीनवरही रेघा दिसत असतील, तर मात्र हार्डवेअरच बघायला हवं.

दुसरी पायरी रिलायबिलिटी मॉनिटर. स्टार्टमध्ये शोधलं की तारखेनुसार आलेख दिसतो. लाल फुल्या कुठल्या दिवसापासून सुरू झाल्या आणि त्याच सुमारास कुठलं अपडेट आलं, हे बघा.

तिसरी पायरी रोल बॅक. डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक ड्रायव्हर. बटण पुसट असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेल नंबरचा ड्रायव्हर घ्या. “सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये” म्हणणारी ॲप टाळा. आणि पंख्यातली धूळ काढून घ्या, कारण तापलेली चिपही हाच कोड दाखवू शकते.

हा प्रश्न आता का वाढणार?

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव मुदतीत ऑक्टोबर २०२६ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट आहेत. इंटेलने सहाव्या ते दहाव्या पिढीचे ग्राफिक्स २०२२ मध्येच जुन्यांच्या यादीत टाकले. एनव्हिडियाने जीटीएक्स १०५० सारख्या कार्डांसाठी नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. आपल्याकडे विद्यार्थी आणि गावातली सेवा केंद्रं जे सेकंडहँड लॅपटॉप वापरतात, त्यात याच पिढ्या भरपूर आहेत. हे लॅपटॉप लगेच बंद पडणार नाहीत, पण नवीन विंडोज आणि जुना ड्रायव्हर यांचं बिनसलं तर दुरुस्त करून द्यायला मागे कुणी नाही.

पुण्यात सर्व्हिस सेंटर रिक्षाच्या अंतरावर असतं. पोलादपूरच्या माणसाला आधी महाड, तिथून पनवेल किंवा पुणे, आणि पावसात वरंध घाट बंद असेल तर ताम्हिणीचा वळसा. दाखल्यांच्या सीझनमध्ये सेवा केंद्राचा एकमेव लॅपटॉप चार दिवस गेला तर उत्पन्नाचा दाखला अडतो, आणि त्यापाठोपाठ कुणाची तरी ॲडमिशन.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राईट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा मात्र अजून स्क्रीन, बॅटरी, बोर्ड अशा हातात धरता येणाऱ्या भागांभोवतीच जास्त फिरते. माझ्या मते ड्रायव्हर हाही स्पेअर पार्टच आहे. लॅपटॉप किती वर्षं ड्रायव्हर मिळवणार हे खोक्यावर छापलं पाहिजे, आणि सपोर्ट संपल्यावरही शेवटचा चांगला ड्रायव्हर साइटवर राहिला पाहिजे. ते होईपर्यंत आपल्या मॉडेलचा आत्ता नीट चालणारा ड्रायव्हर एका पेनड्राइव्हवर ठेवा. आणि दुकानात बोर्डाचे पैसे देण्याआधी एकच विचारा: “सेफ मोडमध्ये चालवून बघितलंत का?”