व्हिस्कीचे वय : दिनदर्शिकेचे की लाकडाचे?

विशेष प्रतिनिधी

मुंबई - भारत आणि ब्रिटन यांच्यात २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार करारात स्कॉच व्हिस्कीवरील आयातशुल्क १५० टक्क्यांवरून प्रथम ७५ आणि दहाव्या वर्षी ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. साहजिकच चर्चा शुल्काभोवती फिरली आणि भारतीय उत्पादकांची एक जुनी तक्रार मागे पडली. ब्रिटन व युरोपीय संघाच्या नियमांनुसार धान्यापासून काढलेले आणि लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरलेले मद्यच 'व्हिस्की' म्हणून विकता येते. उष्ण हवेत मद्य लवकर मुरते, तेव्हा ही अट शिथिल व्हावी, असे भारतीय उत्पादकांचे म्हणणे आहे. त्यात तथ्य किती, याचे उत्तर पिंपातच दडलेले आहे.

लाकडाची किमया

भट्टीतून निघालेले मद्य पाण्यासारखे रंगहीन आणि उग्र असते. रंग आणि बराचसा स्वाद त्याला पिंपातून मिळतो. स्कॉचसाठी ओकचेच पिंप सक्तीचे असून त्याची क्षमता ७०० लिटरपेक्षा अधिक असता कामा नये. पिंपाची आतली बाजू विस्तवावर शेकली किंवा जाळली जाते. त्या उष्णतेने लाकडातील लिग्निनपासून व्हॅनिलाचा गंध, तर हेमिसेल्युलोजपासून जळक्या साखरेचा गोडवा तयार होतो. टॅनिन तुरटपणा देते. जळालेला थर गंधकाचा उग्र वास शोषून घेतो, आणि लाकडातून झिरपणारा प्राणवायू मद्याला सौम्य करतो.

अमेरिकेत बर्बनसाठी दर वेळी नवे, आतून जाळलेले ओकचे पिंप वापरण्याचे कायदेशीर बंधन आहे. एकदा वापरलेली ही पिंपे मग स्कॉटलंडला आणि भारतातही येतात.

उष्णतेचा हिशेब

स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातील मद्य वर्षाला सुमारे दोन टक्के उडून जाते. तिकडे त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. बंगळूर किंवा गोव्यात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे शंभर लिटरपैकी बारा वर्षांनंतर स्कॉटलंडमध्ये सुमारे ७८ लिटर उरेल, आपल्याकडे जेमतेम २८. तीन वर्षांतच आपल्या उत्पादकाचे २७ लिटर हवेत जातात. उष्णतेमुळे लाकडाचा अर्क मात्र झपाट्याने उतरतो. त्यामुळे बाटलीवरील वर्षांचा आकडा दोन्ही देशांत एकच अर्थ सांगत नाही.

तरीही उत्पादकांची बाजू अर्धीच खरी आहे. लाकूड लवकर उतरले, तरी प्राणवायूचे सावकाश चालणारे काम त्याच वेगाने उरकत नाही. शिवाय बंगळूरच्या 'अमृत'ने २००४ मध्ये ग्लासगोत पदार्पण केले, ते तीन वर्षांच्या नियमाच्याच चौकटीत. गोव्याच्या 'पॉल जॉन'नेही याच वाटेने परदेशी बाजारपेठ गाठली.

खरी अडचण वेगळी आहे. देशात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या मद्याचा मोठा भाग साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर उभा आहे. युरोपात त्याला व्हिस्की म्हणता येत नाही, आणि हवामानाची सबबही त्याला लागू पडत नाही. सवलत मागायची, तर आधी मद्य कशाचे आहे आणि पिंपात किती काळ होते, हे बाटलीवर स्पष्ट छापले पाहिजे. शुल्क घटल्यावर स्कॉचशी सामना होणार आहे. त्यात पिंपात मुरलेले आणि न मुरलेले मद्य एकाच नावाने विकत राहिल्यास नुकसान प्रामाणिक उत्पादकाचे होईल, आणि ग्राहकाचेही.