हळद आपली, मग वारली कुणाची?



1997 साली हळदीचं अमेरिकन पेटंट रद्द झालं तेव्हा मी बारावीत होते. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 1995 मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं होतं! डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने जुने संदर्भ पुढे ठेवून ते मोडून काढलं. तो किस्सा आपण आजही पार्ट्यांमधून छाती फुगवून सांगतो.

आणि त्याच पार्टीत कुणीतरी फोन पुढे करतं : "अगं, माझं नवीन डिझाइन बघ, वारली!"

स्पूनफ्लॉवरसारख्या संकेतस्थळांवर (2008 साली नॉर्थ कॅरोलिनात सुरू झालेलं, 2021 मध्ये शटरफ्लायने विकत घेतलेलं) कुणीही चित्र चढवावं, मागणी येईल तेवढंच कापड छापलं जातं, गोदाम नको, भांडवल नको. वीस डॉलरच्या कापडामागे दहा टक्क्यांनी दोन डॉलर हाती येतात. एवढ्याने कुणी श्रीमंत होत नाही, हे कबूल. माझा आक्षेप पैशाला नाहीच. चित्र चढवताना आपण 'हे माझं स्वतःचं मूळ काम आहे' असं मान्य करतो, त्याला आहे.

मीही केलंय. डहाणूकडच्या भिंतींचे फोटो समोर ठेवून तारपा नाच काढला. छापाची चौकट चारी बाजूंनी जुळावी म्हणून वेटोळं कापलं, आणि त्यात नेमका तारपावाला गेला. ज्याच्याकडे पाठ करायची नाही म्हणून सगळे फेर धरतात, तोच गायब! दुसऱ्या एकीने लग्नचौक घेतला. लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने जो काढतात, ज्याच्या मध्यभागी पालघट देवी असते, तो तिच्याकडे दर सहा इंचांवर येतो. कुत्र्याच्या गळ्यातल्या रुमालावरसुद्धा.

यावर ठरलेलं उत्तर येतं : "आपणही महाराष्ट्राचेच ना?" म्हणजे एरवी ज्यांच्या पाड्यावर आपण कधी पाऊल टाकलं नाही, ते विक्रीपुरते आपले! दुसरं उत्तर कायद्याचं. परंपरागत नक्षीवर अमेरिकेत कुणाचा कॉपीराइट नाही, 2014 साली मिळालेलं वारलीचं भौगोलिक मानांकन भारतातलं. बरोबर आहे. पण हळदीच्या वेळी आपण कायद्याच्या पळवाटांचं कौतुक करत होतो का? शोधनिबंधात आधीच्या कामाचा संदर्भ गाळला तर आपल्यापैकी किती जणांची नोकरी टिकेल?

"कलेवर कुणाची मक्तेदारी नसते" हेही ऐकलंय. नसतेच. जिव्या सोमा मशे यांनी 1970च्या दशकात ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण कागदावर त्यांचं नाव होतं. आपल्या कापडावर आपलं असतं.

मी ते डिझाइन उतरवलं आहे. त्याजागी माझ्या प्रयोगशाळेतल्या जेलवरच्या पट्ट्यांची किनार चढवली. आजवर चार वार खपलं, त्यातलं दोन वार आमच्या लॅबमधल्यांनीच घेतलं. वारलीच विकायची असेल तर वारली चित्रकाराकडून रीतसर हक्क विकत घ्या, त्याचं किंवा तिचं नाव आधी घाला आणि दोनातला एक डॉलर पाठवा. महिन्याला पाचपंचवीस डॉलर पाठवणं आपल्याला जड नाही, गावी पाठवतोच की.

यंदाच्या गणपतीत हॉलमध्ये अशा उशा-पर्सचे टेबल लागतील तेव्हा मी एकच विचारणार आहे : चित्र कुणाचं? उत्तर तयार ठेवा.