पुली आणि वन बीएचके

पुली हा हंगेरीच्या मैदानांत मेंढ्या वळणारा, दिवसभर धावणारा कुत्रा. त्याच्या केसांच्या दोरखंडासारख्या जटा होतात. भिजल्या की वाळायला एखाददोन दिवस लागतात. हा कुत्रा बदलापूरच्या वन बीएचकेत कल्पून पाहा. मे महिन्यात ४० अंशांचा उकाडा, मग चार महिने पाऊस. जटांत ओल राहिली की कातडीचे रोग. मालक सकाळच्या लोकलने मुंबईला गेलेला. एकटा भुंकला, तर सोसायटीची तक्रार.

आम्हा मुसलमानांच्या घरांत कुत्र्याबद्दल अढी असते. तरीही हदीसमध्ये शिकारीच्या, शेत राखणाऱ्या आणि मेंढ्या-गुरे राखणाऱ्या कुत्र्याला मुभा आहे. म्हणजे कुत्र्याची ओळख त्याच्या कामाने होते. मी त्यातून एवढेच घेतो, की ते काम हिरावून त्याला सोफ्यावर बसवणे हे प्रेम नव्हे. पावसाळा सरल्यावर कळपांसह घाट उतरणाऱ्या धनगरांचे कुत्रे पाहा. दमलेले असतात, पण कोंडलेले नसतात.

हौसच असेल, तर उल्हासनगर किंवा अंबरनाथच्या रस्त्यावरचे एखादे गावठी पिल्लू लस टोचून घरी न्या. इथली हवा त्याच्या अंगवळणी पडलेली आहे. मेंढपाळाचाच कुत्रा हवा असेल, तर आधी मेंढ्या आणि माळरान कुठून आणणार ते सांगा.