दुधातील 'अफू' : समज आणि वस्तुस्थिती

गोंदिया जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा प्रदेश. आमगाव, तिरोडा, देवरीकडील खेड्यांत धानाच्या तणसावर पोसलेली गाय किंवा म्हैस ही संसाराची मोठी जोड असते. शाकाहारी कुटुंबात तर उत्तम प्रथिने आणि बी-१२ जीवनसत्त्व यांचा मुख्य आधार दूधच. म्हणूनच 'दुधात अफूसारखे द्रव्य असते' हे वाक्य कानी पडले की गृहिणीचे मन साशंक होते. मुलांचे दूध बंद करावे, की दामदुप्पट मोलाचे 'ए-२' दूध आणावे?

या समजाच्या मुळाशी खरे संशोधन आहे. गाईच्या दुधातील सुमारे ८० टक्के प्रथिने केसीन या गटातील असतात. त्यांपैकी बीटा-केसीन ही २०९ अमिनो आम्लांची साखळी आहे. ती पचताना तिचे लहान तुकडे होतात. त्यांतील काही तुकडे मॉर्फिन ज्या ग्राहींना जाऊन चिकटते, त्याच ग्राहींना चिकटू शकतात, असे जर्मन संशोधकांनी १९७९ मध्ये दाखविले. सात अमिनो आम्लांच्या अशा एका तुकड्यास बीटा-कॅसोमॉर्फिन-७ म्हणतात. मात्र त्याचा जोर मॉर्फिनच्या तुलनेत फारच क्षीण असतो. प्रौढ माणसाच्या आतड्यातून तो अखंड रक्तात उतरतो, असा भक्कम पुरावाही नाही.

ए-१ आणि ए-२ यांतील भेद साखळीतील ६७ व्या स्थानाचा. तेथे ए-१ मध्ये हिस्टिडिन, तर ए-२ मध्ये प्रोलिन असते. हिस्टिडिन असल्यास साखळी त्या जागी सहज तुटते व हा तुकडा सुटा होतो. प्रोलिन असल्यास ती सहसा तुटत नाही. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये उपलब्ध संशोधन तपासले. हा तुकडा आणि मधुमेह, हृदयविकार यांसारखे आजार यांत कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. ए-२ दुधाने पोटाची तक्रार कमी झाल्याचे काही लहान अभ्यासांत आढळले आहे, एवढेच.

आता खर्चाचा विचार. देशी गाईंचे दूध बहुतांशी ए-२ असते आणि म्हशीचेही तसेच, असे भारतीय पाहणीत दिसून आले आहे. जर्सी किंवा होल्स्टीन संकरित गाईंत ए-१ अधिक आढळते. म्हणजे गावातील म्हशीचे साधे दूध घेणाऱ्यास निराळ्या शिक्क्यासाठी जादा पैसे मोजण्याचे प्रयोजन उरत नाही. 'ए-२ तूप' तर विचार करण्याजोगे. भेद प्रथिनाचा, आणि तूप जवळजवळ निव्वळ स्निग्ध! भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी वेष्टनांवरील असे दावे काढण्यास सांगितले होते. पाच दिवसांनी ती सूचना मागे घेतली गेली. त्यामुळे पारखण्याची जबाबदारी ग्राहकावरच आहे.

दुधाने पोट फुगत असेल, तर बहुधा दोष दुग्धशर्करा न पचण्याचा असतो आणि ती ए-२ दुधातही तितकीच असते. अशा वेळी दही-ताक अनेकांना मानवते. दुधाची ॲलर्जी असणाऱ्याने मात्र कोणतेच दूध निर्धोक समजू नये. वैद्यकीय सल्ला घ्यावा. उरलेल्यांनी भीतीपोटी लेकरांच्या ताटाजवळचा पेला उचलून घेऊ नये.